आधी पंखा काढ : आमच्या पहिल्या आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानाचा अनुभव

"मामा, आपण विमान बनवू या का, खरं उडणारं?" असं भाच्याने मे महिन्यात विचारलं तेव्हा मला वाटलं आठवड्याभराचं काम, शीट कापायची, मोटर लावायची, झालं. प्रत्यक्षात दसरा उजाडला. त्यातला निम्मा वेळ विमान टेबलावर असताना कोणाला लागू नये हे शिकण्यात गेला, आणि व्हिडिओंमध्ये हा भाग फारसा दाखवत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी काय बनवलं ते सांगतो. पाच मिलिमीटरची डेप्रॉन (फोमची) शीट, पंखांचा विस्तार एक मीटर, पंखाची रुंदी 18 सेंटिमीटर, 2212 साइझची 1000 केव्हीची ब्रशलेस मोटर, मोटरचा वेग सांभाळणारा 30 अँपियरचा ईएससी, 10 इंची प्रोपेलर (पुढे यालाच पंखा म्हटलंय), पंखांचे आणि शेपटीचे हलते भाग वळवणारे नऊ ग्रॅमचे चार सर्व्हो आणि तीन सेलची 2200 एमएएच लाइपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. सगळं मिळून वजन 700 ग्रॅमच्या जरा खाली. केव्ही म्हणजे किलोव्होल्ट असं मी आधी समजत होतो, तसं नाहीये, एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते तो आकडा आहे. म्हणजे 11.1 व्होल्टवर पंखा न लावता साधारण 11,000 फेरे. पंखा लावला की कमी होतात, पण बोटाच्या दृष्टीने तेवढेही पुष्कळ आहेत. किरकोळ सामान, कनेक्टर, वायर, सोल्डर वगैरे इथे इंदूरात जेल रोडवर मिळालं, मोटर, बॅटरी हे ऑनलाइन मागवलं, आणि बॅटरी विमानाने पाठवत नाहीत, रस्त्याने येते, त्यामुळे ती सगळ्यात शेवटी आली.

आता मुख्य गोष्ट. जुलैमधे एका रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सर्व्हो चेक करत होतो. पंखा लावलेला होता, बॅटरी जोडलेली होती, ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, शेजारी पडलेला. मी पलीकडचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायला वाकलो आणि शर्टाची बाही थ्रॉटलच्या, म्हणजे मोटरचा वेग वाढवायच्या, स्टिकला लागली. एवढंच. विमान बांधलेलं नव्हतं, ते टेबलावरून सरळ पुढे गेलं, मसाल्याच्या डब्यावर आदळलं, हळद सगळीकडे, आणि मी ते पकडायला हात पुढे केला तेव्हा पंख्याने डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक उघडलं. दोन टाके पडले. टाक्यांचं काही नाही, ते दहा दिवसांत भरलं. पण भाचा त्या वेळी टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून बघत होता, त्याचे डोळे आणि पंख्याची पाती एकाच उंचीवर होती आणि मधे जेमतेम वीतभर अंतर. ती वीत मला अजून दिसते.

त्यानंतर पंधरा दिवस कशालाच हात लावला नाही. कॉलनीत एक काका आहेत, कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगमधे होते, एरोमॉडेलिंग त्यांनी तेव्हा केलेलं. त्याच दिवसांत त्यांच्याकडे हातावरची पट्टी घेऊनच गेलो. त्यांनी काही सुनावलं नाही, एवढंच विचारलं, "पंखा लावायची घाई कशाला केलीस रे? तो तर मैदानावर लावायचा." खरंच इतकं साधं आहे हे. सर्व्होची दिशा, मोटर कुठल्या बाजूला फिरते (उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी बदलायच्या), थ्रॉटलचं कॅलिब्रेशन, हे सगळं पंखा काढूनच होतं, मोटरला कागदाची छोटी पट्टी चिकटवली की दिशा कळते.

काकांनी अजून दोन गोष्टी करून घेतल्या. पहिली म्हणजे थ्रॉटल कट, ट्रान्समीटरवर एक स्विच असा सेट केला की तो खाली असेपर्यंत स्टिक कितीही वर न्या, मोटर हलत नाही. दुसरी फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला तर विमानाने काय करायचं ती सेटिंग, आणि ही मी सगळ्यांना हात जोडून सांगतो, नुसतं सेट केलंय म्हणून सोडू नका, प्रत्यक्ष बघा. पंखा काढलेला, विमान धरून ठेवलेलं, थोडं थ्रॉटल दिलं आणि काका म्हणाले आता ट्रान्समीटर बंद कर. केला. मोटर चालूच! विमानातल्या रिसीव्हरने शेवटचा सिग्नल धरून ठेवला होता. हवेत सिग्नल तुटला असता तर ते विमान त्याच वेगाने कुठेतरी गेलं असतं, कुणाच्या गच्चीवर, रस्त्यावर, कुठेही. मग फेलसेफमधे थ्रॉटल शून्य सेव्ह केलं, दहा वेळा ट्रान्समीटर बंद करून पाहिलं, दहाही वेळा मोटर थांबली. क्रम पण तेव्हाच पक्का झाला, आधी ट्रान्समीटर चालू मग बॅटरी जोडायची, आणि बंद करताना आधी बॅटरी काढायची मग ट्रान्समीटर.

बॅटरीबद्दल मी आधीच एक चूक करून बसलो होतो. मेच्या शेवटी पहिली बॅटरी आली ती दाखवायला म्हणून ताईकडे सुदामा नगरला घेऊन गेलो आणि दुपारी उन्हात उभ्या गाडीत राहिली, दोन-अडीच तास. परत आलो तर उशीसारखी फुगलेली. फुगलेली लाइपो परत वापरायची नसते, दाबायची नाही, टोचायची तर अजिबात नाही. ती अंगणात मोकळ्यावर ठेवली, नंतर छोटा बल्ब लावून पूर्ण रिकामी केली आणि वायरींच्या टोकांना टेप लावून कचरागाडीवाल्याला वेगळी दाखवून दिली, आपल्या इंदूरच्या गाडीला सहा कप्पे असतात त्याचा असा उपयोग झाला. दुसरी मात्र जपून वापरतोय. चार्ज करताना बॅलन्सची वायर (सगळे सेल सारखे भरायला) लावायचीच, 2200 एमएएचला 2.2 अँपियरच्या वर जायचं नाही, ओसरीतल्या फरशीवर मातीच्या कुंडीत ठेवायची, शेजारी वाळूची बादली, आणि तेवढा वेळ तिथेच बसायचं. सेलला 4.2 व्होल्ट झाले की पूर्ण, आणि उडवायचं नसेल तर 3.8 वर आणून ठेवायची. रात्री झोपताना चार्जिंगला लावून ठेवणं आमच्या घरात बंद, आईने मोबाइलचं पण बंद करायला लावलं.

बॅलन्सिंगला एक संध्याकाळ गेली. पंखाच्या पुढच्या कडेपासून पाच सेंटिमीटरवर खालून दोन बोटं लावायची, विमान सरळ किंवा किंचित नाकावर झुकलं पाहिजे. आमचं शेपटीवर बसत होतं, बॅटरी दोन सेंटिमीटर पुढे सरकवली तेव्हा जमलं. आणि एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, चक्क उलटे निघाले. लक्षात ठेवायला सोपं आहे, विमानाच्या मागे उभं राहून स्टिक ज्या बाजूला न्याल त्या बाजूचं एलेरॉन वर उठलं पाहिजे.

कुठे उडवायचं हा प्रश्न भाच्याने एका वाक्यात सोडवला होता, गच्चीवरून. लोकमान्य नगरातून विमानतळ काही फार लांब नाही, आणि 2021 च्या ड्रोन नियमांत अशी मॉडेल विमानं पण येतात. डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर आपली जागा कुठल्या रंगात आहे ते बघायचं, हिरव्यात 400 फुटांपर्यंत, त्यातही विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंतच, आणि विमान सतत नजरेत राहिलं पाहिजे. ऑफिसातल्या एका मित्राचं शेत खंडवा रोडला सिमरोलच्या पुढे आहे, नकाशावर हिरव्यात, वर विजेच्या तारा नाहीत. सोयाबीन निघालं की गहू पेरेपर्यंत शेत रिकामं असतं, तोवर थांबलो.

दसऱ्याला आईने शस्त्रपूजेत पाना-पक्कडीशेजारी विमानही मांडलं, पंखा काढून. डाव्या पंखावर जुलैची हळद अजून होती, निघतच नाही ती, त्याच्या शेजारी तिने कुंकू लावलं.

पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला शेतात. वारा जवळजवळ नव्हता, जो काय होता तो समोरून घेतला, सूर्य पाठीशी. पंखा तिथेच लावला, नट दोनदा आवळला, ट्रान्समीटर रेंज चेकवर (कमी ताकदीवर सिग्नल पोचतो का बघायला) टाकून भाचा तीस पावलं लांब गेला आणि सगळे सर्व्हो हललेले मी बघितले. मग तो माझ्या मागे उभा राहिला, हातात टायमर पाच मिनिटांचा. काकांनी विमान पंखांच्या मागून धरलं, मी थ्रॉटल कट काढून पाऊण थ्रॉटल दिलं, आणि त्यांनी सरळ, जरासं वर, ढकललं.

पहिली दहा सेकंदं मी श्वास घेतला की नाही आठवत नाही. थोडं डावीकडे जात होतं, ट्रिमचे (स्टिकची मधली जागा जराशी सरकवायच्या बटणाचे) तीन क्लिक दिले तर सरळ झालं. भाचा मागून मोठ्याने मिनिटं मोजत होता. चार झाल्यावर उतरवायला घेतलं, थ्रॉटल कमी, मग शून्य, सोयाबीनच्या खुंटांवर चाकं अडकली आणि विमान नाकावर उभं राहिलं, पण पंखा थांबलेला होता म्हणून काही तुटलं नाही. बॅटरी काढली, सेल 3.86, 3.86, 3.85 व्होल्ट, म्हणजे अजून निम्म्याहून जास्त शिल्लक.

चाकं काढून टाकायची ठरवलंय, या जमिनीत पोटावरच उतरवलेलं बरं. मित्र म्हणाला पेरणीला अजून वेळ आहे, तीन रविवार मिळतील.