आमची वाटचाल: तारण आणि काळवीट

आम्ही ख्रिस्ती धर्मशास्त्राची आणि प्राण्यांची पुस्तकं काढतो. कर्जाच्या अर्जासोबत आमचं पहिलं पुस्तक जोडलं होतं. नावात ‘तारण’ हा शब्द. बँकेतले साहेब हसले, “तारणावर पुस्तक काढलंत, मग आमच्याकडे काय ठेवताय?” ख्रिस्ती माणसाचं तारण म्हणजे पापातून सुटका, बँकेचं म्हणजे घर नाहीतर सोनं. शेवटी मंडळींच्या बांगड्या ठेवल्या. (घरच्या मंडळींच्या, चर्चच्या नव्हे.)

आम्ही अहिल्यानगरचे. १८४२ साली इथेच ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक सुरू झालं, त्यामुळे छापील शब्दाचं वेड गावात जुनंच. पहिल्या पुस्तकाचा विषय होता मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, जात. राष्ट्रपतींच्या १९५०च्या आदेशाने ख्रिस्ती झालेले दलित अनुसूचित जातींच्या बाहेर राहिले. पुढे १९५६ला शीख आणि १९९०ला बौद्ध आत आले, आपण अजून बाहेरच. सरकारशी हे भांडण आहेच, पण सोयरीक जुळवताना आपणही जात विचारतो, त्याचं काय? पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, पाठ थोपटली. प्रती मात्र पाचशेतल्या साडेतीनशे पलंगाखाली गेल्या.

प्राण्यांची पुस्तकं चर्चमधल्या मुलांच्या शब्बाथ शाळेच्या बाईंमुळे आली. मुलांना नोहाच्या तारवातले जिराफ-हत्ती पाठ, पण कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीचं काळवीट कुणी पाहिलेलं नाही, अशी त्यांची तक्रार. बत्तीस पानं, म्हणजे सोळा पानांचे दोन फॉर्म (एकत्र छापून दुमडलेले ताव), चार रंगांत. तयार पुस्तक एका मेंढपाळाला दाखवलं. त्याने पान उलटलं आणि विचारलं, “मादीला शिंगं कुणी लावली?” शिंगं फक्त नराला, तीही पिळाची, मादी पिवळसर आणि बोडकी. चूक माझीच, मजकूर मीच तपासला होता. तोवर पिना मारून झाल्या होत्या. सगळ्या उचकटल्या, तो फॉर्म रद्दीत घातला आणि नव्याने छापला. धर्मशास्त्राच्या पुस्तकात एक अख्खा परिच्छेद दोनदा छापला गेला होता, त्यावर आजवर एकाही वाचकाचं पत्र आलेलं नाही.

तेव्हापासून प्राण्यांचं प्रत्येक पुस्तक छापण्याआधी माळावर फिरणाऱ्या माणसाला दाखवतो. या पुस्तकांच्या विक्रीतून धर्मशास्त्राच्या पुस्तकांचा कागद येतो. लोक विचारतात, या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो? हिशेबाच्या वहीत तरी छान बसतो.

बांगड्या तिसऱ्या वर्षी सुटल्या. सध्या खोकडाची चित्रं चालू आहेत. शेपटीच्या टोकाला काळा रंग द्यायला चित्रकार विसरला होता, या वेळी मीच पकडलं.