वजन बसलं नाही

मी एका कबड्डी संघाची फिजिओ आहे. खेळाडू मला ताई म्हणतात, कोच मॅडम म्हणतात आणि प्रेक्षकांच्या लेखी मी स्प्रेवाली बाई. कोणी पडलं की मॅटवर धावत जाऊन थंड फवारा मारते, तेवढीच मी त्यांना दिसते. त्यामुळे त्या शनिवारी सकाळी साध्या कुर्त्यात स्टेडियमसमोरच्या टपरीवर उभी राहिले, तेव्हा शेजारच्या घोळक्यातल्या एकानेही मला ओळखलं नाही.

खरं तर मी बर्फ आणायला बाहेर पडले होते. बर्फवाल्याचं शटर अजून खाली होतं, म्हणून एक कटिंग सांगितला. घोळक्यातल्या एका पोराच्या मोबाइलवर आमच्याच संघाचा पॉडकास्ट लागला होता. तो चालवणारा गृहस्थ मूळचा संघाचा पाठीराखा. मालकांनी त्याला संघाचं नाव वापरू दिलंय, त्यामुळे तो बोलला की लोकांना वाटतं, संघच बोलतोय. आवाज छान, अभ्यासही चांगला. कोणता रेडर बोनस कोणत्या पायाने घेतो हे त्याला आमच्या काही खेळाडूंपेक्षा जास्त ठाऊक. आदल्या रात्रीच्या भागात त्याने गुरुवारच्या पराभवाची चिरफाड केली होती.

"मध्यंतराला आपण नऊ गुणांनी पुढे, आणि हरलो चारने. शेवटच्या दहा मिनिटांत काय झालं? आपला डावा कोपरा घोटा धरायला वाकेपर्यंत समोरचा रेडर मध्यरेषा ओलांडून घरी जाऊन जेवलासुद्धा. अहो, त्याचं पोट बघा! कोपरारक्षक आहे की वडापावची गाडी? आणि संघाने फिटनेससाठी माणसं ठेवलीत, ती नक्की करतात काय?"

घोळका हसला. माझा चहा गार व्हायला लागला.

मग वाद सुरू झाला. लॅपटॉपची बॅग पाठीला लावलेला एकजण म्हणाला, बरोबरच बोलला तो. पृथ्वी शॉला मुंबईने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये रणजी संघातून काढलं, तेव्हा बातम्यांत फिटनेसचंच कारण होतं. तो इतका गुणी असून त्याला सूट नाही, मग आपल्याकडे का? लगेच दुसरा उसळला. रोहितचं काय मग? मार्च २०२५ मध्ये एका राजकीय पक्षाच्या प्रवक्तीने त्याच्या वजनावरून लिहिलं, आणि आठवडाभरात दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात ७६ काढून त्याने चषक उचलला. तिसऱ्याने सर्फराज खानचा विषय काढला, त्याला वजनावरून बोललं जायचं. सडपातळच पोरं हवी असतील तर फॅशन शोमधून मॉडेल उचला, असं गावसकर म्हणाले होते ना. हे सगळे क्रिकेटचे दाखले. कबड्डीच्या टपरीवरसुद्धा पुरावा क्रिकेटचाच द्यावा लागतो, याची मला जरा गंमत वाटली आणि जरा वाईटही.

बाकावर एक काका बसले होते. गिरणीची पाळी संपवून मातीत खेळलेल्या पिढीतले असावेत. दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले. ते म्हणाले, "कोपऱ्याला बूड जडच लागतं रे. हलका कोपरा म्हणजे दाराला कडी नसणं. त्या पोराचं पोट नका बघू, मांडी बघा. पण गुरुवारी त्याचा पाय उचलत नव्हता, हे मात्र खरं. काहीतरी बिनसलं होतं."

"जास्त खाल्लं असेल," लॅपटॉपवाला म्हणाला.

एक बाई इतका वेळ गप्प होती. ती फटकन म्हणाली, "त्याच्या घरी पण ऐकत असतील की हे. आईसमोर पोराला वडापावची गाडी म्हणतात का?" त्यावर, आम्ही तिकीट काढतो, बोलणारच, मग खेळावर बोला, अंगावर कशाला, अहो अंगानेच खेळतात ना, असं चाललं. मला बोलायचं होतं. पण काय बोलणार होते? पहाटे जे घडलं होतं त्यातला एक शब्दही टपरीवर सांगण्यासारखा नव्हता.

पुरुषांच्या कबड्डीत आमच्या स्पर्धेला वजनाची मर्यादा ८५ किलो. त्या स्पर्धेत साखळीआधी एकदा आणि बाद फेरीआधी पुन्हा एकदा वजन होतं. आमचा डावा कोपरा हाडापेराने मोठा, त्याचं नेहमीचं वजन ८८-८९. पोट थोडं पुढे आहे हे खरं, पण शटल धावण्याच्या चाचणीत अख्ख्या बचावफळीत पहिला येतो. मंगळवारी संध्याकाळी तो ८८.४ होता. गुरुवारी सकाळी अधिकृत काट्यावर ८४.९. साडेतीन किलो, म्हणजे शरीराच्या चार टक्के, दीड दिवसात. हे चरबी जाऊन होत नाही. हे फक्त पाणी.

पाणी गेलं की रक्त आटतं. मग तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात, घाम नीट सुटत नाही, अंग तापतं. शरीराच्या दोन टक्के पाणी कमी झालं तरी दमसास घसरतो, आणि इथे चार. वजन झाल्यावर त्याने ताक, केळी, मीठ-साखरेचं पाणी असं सगळं घेतलं, पण पाच तासांत एवढी तूट भरून निघत नाही. पहिली वीस मिनिटं तो ताकदीवर खेळला. दुसऱ्या वीस मिनिटांत पाय शिशाचे झाले. म्हणजे पॉडकास्टवाल्याने जे पाहिलं ते अगदी बरोबर होतं. फक्त तो ज्याला खादाडपणा म्हणत होता, ती उपासमार होती.

आणि त्याचा दुसरा प्रश्न, फिटनेसची माणसं करतात काय, तो तर नेमका माझ्या वर्मी बसला. मंगळवारचा ८८.४ माझ्याच अक्षरात लिहिलेला होता. गुरुवारचा ८४.९ पण. दोन आकड्यांच्या मध्ये काय झालं, हे विचारणं माझं काम. मी विचारलं नाही. "बसलं एकदाचं वजन" म्हणून मीही सगळ्यांबरोबर सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच्या नावापुढे 'फिट' लिहून मोकळी झाले.

शनिवारी सकाळी सव्वासहाला लॉजवर त्याला आमच्या काट्यावर उभं केलं. ८६.१. दहा वाजता अधिकृत वजन. शुक्रवारी दुपारपासून त्याने पाणी बंद केलं होतं, हे त्याच्या ओठांवरूनच कळत होतं. यावेळी मी विचारलं. मग बाटली देऊन लघवी तपासायला मागितली. पुष्कळ वेळाने जेमतेम दोन बोटं आली, रंग कोऱ्या चहाचा. आडवं झोपवून नाडी मोजली, ८४. उभं केलं, १२२, आणि त्याने भिंत धरली. "काही नाही ताई, एकदम उठलो ना," म्हणाला.

कोचना मी सांगितलं, हा आज खेळणार नाही.

कोच खलनायक नाहीत, हे इथेच सांगून टाकते. ते स्वतः असेच पाणी बंद करून, रेनकोट घालून पळून खेळलेले आहेत. त्यांच्या काळी ह्याला तयारी म्हणायचे. "मॅडम, अकराशे ग्रॅम तर आहेत. रेनकोट घालून वीस-पंचवीस मिनिटं पळाला की निघतील. पॅरिसला विनेशचं काय झालं बघितलंत ना? शंभर ग्रॅमनी गेलं सगळं. आपण आधीच काळजी घेऊ."

मला त्याच कुस्तीगीर विनेश फोगाटचा दाखला उलटा द्यायचा होता. ऑलिंपिकमध्ये पहिल्या दिवशी तिचं वजन बसलं होतं; दुसऱ्या दिवशी, ७ ऑगस्ट २०२४ ला, अंतिम कुस्तीआधी बसलं नाही. दोन दिवसांत दोनदा पिळलं की दुसऱ्यांदा शरीर पाणी सोडायला तयार होत नाही. आणखी एक जुनी गोष्ट कॉलेजात शिकलेली. १९९७ च्या शेवटी अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन उतरवता उतरवता पाच आठवड्यांत दगावले. रबरी सूट, तापवलेली खोली, सायकल, हेच सगळं. त्यानंतर तिथे रबरी सूटवर बंदी आली आणि वजन कुस्तीच्या अगदी आधी घ्यायला लागले, म्हणजे पाणी तोडून फायदाच होऊ नये. हे सगळं मी घडाघडा बोलून दाखवलं. कोच म्हणाले, नऊला ठरवू. म्हणून मी बर्फाला बाहेर पडले होते, आणि म्हणून टपरीवर गप्प होते.

बर्फ घेऊन परत आले तर जिन्यातच तो भेटला. रेनकोट हातात. त्यानेही तो भाग ऐकला होता, अख्ख्या संघाने ऐकला होता. "ताई, आज नका थांबवू. वडापाव म्हणाले ते मला. आज उतरलो नाही तर लोकांना खरंच वाटेल."

कबूल करते, मीही दोन पायऱ्या थबकले. कारण लोकांना खरं वाटण्यात माझंही नाव जाणार होतं. "फिटनेसची माणसं करतात काय" याचं उत्तर म्हणून पोरगा बेंचवर बसलेला दिसला असता. एक मिनिट मनात येऊन गेलं की वीस मिनिटं पळू दे, मी शेजारी उभी राहते, काय होतंय.

मग मी कोचच्या खोलीत जाऊन संघाच्या लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या. नाडीचे दोन्ही आकडे, लघवीचा रंग, वेळ, खाली सही. "हा कागद फाईलला राहील. त्याला पळवायचं तर पळवा," म्हटलं. कोचनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढला. शिवी दिली, मला नव्हे, बहुतेक त्या काट्याला. मग राखीव पोराला हाक मारली.

राखीव पोरगा ७६ किलोचा, वय वीस. पूर्वार्धात त्याने दोन सुरेख घोटे धरले, काकांची कडी आठवून मला बरं वाटलं. उत्तरार्धात समोरच्या दांडग्या रेडरने त्याला दोनदा खांद्यावर टाकल्यासारखं मध्यरेषेपलीकडे ओढत नेलं. लोण चढला. शेवटच्या मिनिटाला आमचे तिघेच मॅटवर उरलेले असताना त्यांनी रेडरला धरलं, म्हणजे सुपर टॅकल झाली, गॅलरी उभी राहिली, तरी दोन गुणांनी हरलो. सामन्याच्या काही तास आधी अधिकृत काट्यावर चढलेला, आणि चढू न दिलेला, असे दोघेही माझ्या नजरेसमोर होते. दुसरा ट्रॅकसूटमध्ये बेंचवर, हातात सलाइनच्या चवीच्या पाण्याची बाटली. त्याच्या मागच्या गॅलरीतून एका लयीत आवाज येत होता: "व-डा-पाव! व-डा-पाव!" टपरीवरची बाई त्यात नव्हती, हे मी मुद्दाम मान वळवून पाहिलं.

सामना संपल्यावर पॅसेजमध्ये पॉडकास्टवाला आला. हरल्याचं दुःख त्यालाही होतं, डोळे लाल होते. पण सूर आदराचा. "ताई, कोपऱ्याला बसवलंत. धाडस लागतं. फिटनेसमुळेच ना?"

"वैद्यकीय कारण होतं."

"म्हणजे फिटनेसच."

मी तोंड उघडलं. त्याच्या पाठीमागे, ड्रेसिंग रूमच्या दारात, आमचा डावा कोपरा उभा होता. त्याने मान हलवली. अगदी एवढीशी, नाही म्हणून. खेळाडूच्या तब्येतीचं बाहेर बोलायचं नाही हा तर नियमच आहे, पण त्या मानेनंतर नियमाची गरज उरली नाही. मग मी नको तेवढं प्रामाणिक वाक्य बोलले: "गुरुवारी शेवटच्या दहा मिनिटांत त्याचे पाय जड झाले होते, हे तुम्ही बरोबर हेरलंत."

रात्री बसमध्ये नवा भाग आला. "आपल्या आवाजाची संघाने दखल घेतली. खुद्द संघाच्या फिजिओंनी माझं निरीक्षण मान्य केलंय." मागच्या सीटवर कोणीतरी आवाज बंद केला.

तो माझ्या पलीकडच्या सीटवर होता. मी म्हटलं, तू मान हलवली नसतीस तर मी सांगितलं असतं. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. "ताई, नोकरीचा अर्ज गेलाय, खेळाडूंच्या कोट्यातून. पोट सुटलंय म्हटलं तर हसतील आणि विसरतील. वजन बसत नाही, चक्कर येते, असं कळलं तर घेणारच नाहीत." मग माझ्याकडचा बिस्किटांचा पुडा मागून घेतला.

सोमवारी सरावाला तो काट्यावर आला. ८९.२. पुढच्या स्पर्धेला बेचाळीस दिवस होते. मी तक्त्यात वजनाशेजारी पाण्याचा रकाना आखला, आणि कागदाच्या कडेला भागाकार करून त्याला दाखवला. दिवसाला १०० ग्रॅम.

"विनेशएवढेच," तो म्हणाला.