सतरा सप्टेंबरची बुंदी

आमच्या शाळेत झेंडा वर्षातून चारदा चढायचा. पुण्याच्या मित्रांना हे सांगितलं की ते बोटं मोजतात. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, एक मे… आणि चौथा? चौथा सतरा सप्टेंबरचा. देश स्वतंत्र झाला तरी आम्ही मराठवाड्यातले लोक पुढे तेरा महिने आणि दोन दिवस हैदराबादच्या निजामाचेच होतो. १९४८च्या १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. भारतीय सैन्याच्या त्या कारवाईला पोलीस अॅक्शन, असंच आमच्याकडे सगळे म्हणतात.

मी सांगतोय ते १९८०च्या आसपासचं. पावसाळा सरत आलेला, मैदानात चिखल, झेंड्याच्या खांबाभोवती फक्कीची रांगोळी अर्धी वाहून गेलेली. प्रभातफेरी, झेंडावंदन, मग भाषणं, मग बुंदी. भाषणं लांबली की आमचं लक्ष बुंदीच्या पातेल्याकडे. भाषण मात्र दरवर्षी ठरलेलं. निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ, त्यांच्यावर एक, त्यांचे सहकारी गोविंदभाई श्रॉफांवर एक आणि एक अनंत भालेरावांवर. तिसरं बहुतेक माझ्या गळ्यात पडायचं, कारण माझं पाठांतर बरं होतं.

अनंतराव वैजापूर तालुक्यातल्या खंडाळ्याचे. जन्म १४ नोव्हेंबर १९१९. 'हा दिवस फक्त चाचा नेहरूंचा नाही रे पोरांनो,' असं आमचे मराठीचे सर बालदिनालाही ऐकवायचे. स्वामीजींच्या मागे लढ्यात उतरलेले, तुरुंग पाहिलेले, आणि मुक्तीनंतर पेपरात आलेले. सरांनी लिहून दिलेल्या भाषणात 'तलवारीहून धारदार लेखणी' हे दोनदा यायचं. एकदा मी विचारलं, 'सर, अनंतरावांकडे तलवार होती का?' कान पिळला गेला. उत्तर काही मिळालं नाही.

मला आवडायचा तो पेपराचा भाग. 'मराठवाडा' हा पेपर अनंतरावांनी काढलेला नव्हे. तो आ. कृ. वाघमाऱ्यांनी १९३८ साली काढला, तोही पुण्यातून, कारण निजामाच्या राज्यात तो निघूच दिला नसता. बंदी आली की वाघमारे नाव बदलायचे आणि पेपर पुन्हा सुरू. नागरिक, संजीवनी, समरभूमी, सारथी, मोगलाई, रणदुंदुभी. ही नावं मी पाढ्यासारखी एका दमात म्हणायचो आणि 'रणदुंदुभी'ला सगळं मैदान टाळ्या वाजवायचं. पुढे पेपर औरंगाबादला आला, अनंतराव संपादक झाले, आणि १९६८ साली तो दैनिक झाला.

आमच्या गावचे एक स्वातंत्र्यसैनिक आजोबा दरवर्षी पहिल्या खुर्चीवर असायचे. धोतर, कोट, छातीवर ताम्रपट मिळाल्याचा बिल्ला. ते भाषण करत नसत. कोणी फारच आग्रह केला तर उठून एवढंच सांगायचे, 'मनमाडकडून पेपर यायचा. मी ज्वारीच्या पोत्यात घालून आणला. तीनदा. चौथ्यांदा सापडलो.' आणि बसायचे. माझ्या दहा मिनिटांच्या भाषणापेक्षा हे चार वाक्यांचं लोकांच्या जास्त लक्षात राहायचं, याचा मला तेव्हा राग यायचा.

बुंदी कागदाच्या पुडीत मिळायची. पुड्या 'मराठवाडा'च्या रद्दीच्या. बुंदी संपली की तेलाने पारदर्शक झालेल्या कागदावर उलटी-सुलटी अक्षरं दिसायची. अग्रलेख म्हणजे काय ते मी असं शिकलो, तुपकट बोटांनी. तूप कसलं, डालडाच तो.

दहावीच्या वर्षीचा सतरा सप्टेंबर मात्र वेगळा गेला. माझं भाषण झालं, आणीबाणीत अनंतराव पुन्हा तुरुंगात गेले इथपर्यंत आलो, टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून माझ्याच वर्गातला एक मुलगा उठला. त्याचं घर गावाच्या त्या टोकाला. १९७८ साली औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात घरं जळली, ती त्याने लहानपणी पाहिलेली. तो म्हणाला, 'नामांतराच्या वेळी ह्यांच्या पेपरानं काय लिहिलं, तेबी सांग की.'

मला माहीतच नव्हतं. माझ्या कागदावर ते नव्हतं. 'मराठवाडा'ने नामांतराला विरोध केला होता, हे मला पुढे कॉलेजात कळलं. सर म्हणाले, 'बस खाली.' मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं. आणि ते पोत्यातून पेपर आणणारे आजोबा उठले. वाटलं, आता याला झापणार. पण ते म्हणाले, 'बरोबर विचारतोय पोरगा. बसवू नका त्याला.' पुढे कोणालाच काय बोलावं सुचलं नाही. राष्ट्रगीत झालं.

अनंतराव १९९१ला गेले. विद्यापीठाचा नामविस्तार, म्हणजे जुनं नाव ठेवून त्याला बाबासाहेबांचं नाव जोडणं, १४ जानेवारी १९९४ला झाला, तो त्यांनी पाहिला नाही. त्यांनी लिहिलेला हैदराबादच्या लढ्याचा इतिहास माझ्याकडे आहे. मला तो माणूस अजूनही मोठा वाटतो. आणि तो प्रश्नही अजून तिथेच उभा आहे, त्याला खाली बसवायची माझी हिंमत नाही.

मागच्या सतरा सप्टेंबरला त्याच वर्गमित्राचा फोन आला. आता तो त्याच शाळेच्या समितीवर आहे. म्हणाला, 'नववीतल्या पोरीचं भाषण बसवतोय. पेपराची नावं सांग भराभर.' मी सुरू केलं. नागरिक, संजीवनी, समरभूमी, सारथी, मोगलाई… आणि अडलो.

'रणदुंदुभी, येड्या,' तो म्हणाला. 'आणि आमचं ७८चं बी घातलंय यंदा भाषणात. बुंदीला ये.'