बेसनाचं पाकीट

मेसेज आला तो एवढाच, मंगळवारी सकाळी साडेदहा, मुलुंड, ओरिजनल डॉक्युमेंट्स घेऊन येणे, ग्रुप इंटरव्ह्यू. नवऱ्याला दाखवला तर म्हणतो ग्रुप म्हणजे काय, सगळ्यांना एकदम विचारणार? मला तरी कुठे माहीत होतं. लग्नाआधी मी दोन वर्षं एका सीएकडे एंट्र्या मारायचे, तिथला इंटरव्ह्यू म्हणजे सरांनी एक पान टाइप करायला लावलं आणि म्हणाले सोमवारपासून या. त्यालाही आता तेरा वर्षं झाली. मध्ये मुलगा, त्याची शाळा, सासऱ्यांचं आजारपण, घरी बसून ब्लाउज शिवणं, आणि आता नवऱ्याच्या कंपनीत पगार दोन दोन महिने लांबायला लागला तेव्हा सुपरमार्केटच्या दारावरचा बोर्ड दिसला. बिलिंग आणि फ्लोअर, माणसं पाहिजेत, दहावी पास चालेल. फॉर्म भरून आले, घरी दोन दिवस कोणाला सांगितलं पण नाही.

मग सुरू झाली तयारी. यूट्यूबवर ग्रुप इंटरव्ह्यू टाकलं की जे काही येतं ते सगळं एकच सांगतं, कॉन्फिडन्स ठेवा, सगळ्यांच्या आधी बोला, लीडरशिप दाखवा. मी वहीत इंग्लिशमध्ये स्वतःबद्दल आठ ओळी लिहिल्या आणि पोळ्या लाटता लाटता पाठ करत बसले. मुलगा सातवीत आहे, तो उच्चार सुधारत होता आणि मध्येमध्ये हसत होता, शेवटी त्याला क्लासला पिटाळला.

खरी तयारी करून घेतली ती आईंनी, म्हणजे सासूबाईंनी. आई दादरजवळच्या नायगावच्या. अपना बाजार १९४८ ला सुरू झालं ते नायगावातच, कामगारांच्या वस्तीत, आणि त्या भागातल्या लोकांना सहकारी भांडार म्हणजे घरचं दुकान वाटायचं. आईंनी तसल्याच एका भांडारात बावीस वर्षं काउंटर सांभाळला. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, साखरेची रांग जिन्यापर्यंत जायची आणि ह्या एकट्या दोन काउंटर बघायच्या, हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय, खरं सांगायचं तर कंटाळा यायचा ऐकून. पण रविवारी दुपारी त्यांनी माझी वही बाजूला ठेवली, डायनिंग टेबलाच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, चल, मी गिऱ्हाईक.

पहिल्याच झटक्यात मी नापास. त्यांनी पाचशेची नोट दिली, मी ती डब्यात टाकली आणि सुटे मोजायला लागले. तर म्हणतात, अहो मी दोन हजाराची दिली होती. मी म्हटलं आई दोन हजाराची नोट आता बाजारात दिसत पण नाही. तर म्हणाल्या, बरं शंभरची समज आणि पाचशे म्हणतेय असं धर, आता काय करशील? काय करणार, नोट तर डब्यात गेली. मग शिकवलं. गिऱ्हाइकाची नोट आधी तोंडाने बोलायची, पाचशे दिले, मग ती गल्ल्याच्या बाहेर डोळ्यासमोर ठेवायची, सुटे त्याच्या हातात मोजून द्यायचे, त्याने हो म्हटलं की मगच नोट आत. आणि दुसरं, जे कुठल्याही व्हिडिओत नव्हतं. माणूस भांडायला आला की त्याला आधी पिशवी खाली ठेवायला सांग, हातात वजन असलं की माणूस दुप्पट चिडतो.

हिशोबपण घेतला. ३५२ चं बिल, गिऱ्हाईक ५०२ देतं, परत किती? मी पेन शोधतेय तोवर त्या म्हणाल्या दीडशे, आणि वरचे दोन का दिले हे ज्याला कळत नाही त्याने काउंटरला बसू नये. हे लागलं थोडं मनाला, पण खरंय.

मग मी सोमवारी संध्याकाळी त्याच सुपरमार्केटात गेले, काही घ्यायला नाही, नुसतं बघायला. तिथे आपण इतकी वर्षं जातो पण कधी बघत नाही. साखर, मीठ, आटा एकदम शेवटी, म्हणजे किलोभर साखरेसाठी सगळं दुकान पालथं घालावं लागतं. डोळ्यासमोरच्या फळीवर महागडे ब्रँड, स्वस्त डाळी खाली वाकून घ्यायच्या, आणि बिलिंगच्या रांगेत चॉकलेटं बरोबर पोराच्या उंचीला. दुधाच्या फ्रिजपाशी दहा मिनिटं उभी होते, येणारी प्रत्येक बाई हात आत घालून मागची पिशवी काढत होती. मी पण तेच करते की! कारण आपल्याला माहितीय जुना माल पुढे लावतात. हे लावायचं काम आता कदाचित मी करणार होते आणि बायका माझ्यावर मात करणार होत्या.

मुलाने बारकोडचं सांगितलं की ८९० ने सुरू होतो म्हणजे माल इंडियाचा. नंतर मी वाचलं तर तसं नाहीये, ८९० म्हणजे कंपनीने तो नंबर इंडियाच्या संस्थेकडून घेतलाय एवढंच, माल कुठेही बनलेला असू शकतो. एमआरपीत सगळे टॅक्स धरलेले असतात, त्याच्यावर एक रुपया जास्त घेता येत नाही, कमी घेतलेलं चालतं. व्हेजचा हिरवा ठिपका सगळ्यांना माहितीये पण नॉनव्हेजला आता चॉकलेटी त्रिकोण असतो, ठिपका नाही. आणि जीएसटी, २२ सप्टेंबर २०२५ ला बदलला तेव्हा साबण, शॅम्पू, टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ वर आले हे पण वहीत लिहून ठेवलं. त्यातलं काहीएक विचारलं नाही, पण लिहिलं म्हणून झोप लागली.

मंगळवार. विक्रोळीहून स्लो लोकल पकडली, उलट्या दिशेला म्हणून बसायला मिळालं, कांजूर, भांडुप, नाहूर, मुलुंड, आठ ओळी तीनदा म्हणून झाल्या. दुकानाच्या वरच्या मजल्यावर स्टोअररूमसारखी खोली, भिंतीला तेलाचे खोके लावलेले, खुर्च्या दहा आणि माणसं बारा. मी नि अजून एक बाई सोडली तर सगळी वीस-बावीसची पोरं. एकीने तर मला विचारलं, आंटी तुम्ही मुलीबरोबर आलात का. मी म्हटलं नाही गं, तुझ्याबरोबर आलेय.

घेणारे दोघं, एक एचआरची मॅडम आणि एक स्टोअरचे सर. आधी इंट्रोडक्शन. बाराही जणांनी तोच व्हिडिओ बघितलेला असणार कारण सगळे हार्डवर्किंग होते आणि सगळ्यांना लिसनिंग म्युझिकची हॉबी होती. माझं इंग्लिश तिसऱ्या ओळीला संपलं. सर म्हणाले मराठीत बोला, हिंदीत बोला, कस्टमर काय इंग्लंडचा येणार आहे? तिथे जरा श्वास सुटला. माझ्या शेजारी चौकड्याच्या शर्टातला एक मुलगा होता, एकोणीस-वीसचा असेल, त्याला तर काही बोलताच येईना, नाव सांगितलं, बारावी सांगितलं, आणि बसला खाली.

मग प्रश्न, ते सगळ्यांना मिळून. रविवारी सुट्टी नाही, सणाला तर मुळीच नाही, चालेल? सगळे चालेल. आठ-नऊ तास उभं राहायचं, जमेल? सगळे जमेल. मला त्या वेळी आठवलं की केरळात आणि तामिळनाडूत दुकानात काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यायलाच लागते असा कायदा केलाय, तामिळनाडूने २०२१ ला केला. बातमी वाचली तेव्हा आईंना दाखवली होती, त्या बघून म्हणाल्या होत्या, माझ्या पायाच्या शिरा फुगून व्हेरिकोज व्हेन्स झाल्यावर केला होय. इथे स्टूल मिळतो का हे विचारावंसं वाटलं. नाही विचारलं. मी पण म्हटलं जमेल.

मग रोल प्ले. मॅडम कस्टमर झाल्या. रॅकवरच्या चिठ्ठीवर ८५ लिहिलंय, बिलात ९९ लागले, पाकिटावर एमआरपी ११०. एक मुलगी म्हणाली सिस्टममध्ये ९९ आहे मॅम, आम्ही काही करू शकत नाही. एकजण म्हणाला कस्टमर इज गॉड, ८५ लाच देऊन टाकायचं. सर म्हणाले आणि वरचे चौदा रुपये गॉड देणार का? माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, मॅडम आधी पिशवी इथे ठेवा, हात दुखले असतील. त्या खरंच हसल्या आणि पर्स खाली ठेवली. मला वाटलं जिंकलं. पुढे म्हटलं, मी लगेच रॅकवर जाऊन चिठ्ठी बघून येते. सरांनी मान वर केली. तुम्ही गेलात तर गल्ला कोण बघणार? मी गप्प. मग त्यांनीच सांगितलं की काउंटर सोडायचा नाही, फ्लोअरवरच्या माणसाला चिठ्ठी बघायला पाठवायचं, रेट बदलायचा तर सुपरवायझर बदलणार.

आता ते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलेय. दोन टीम केल्या, सहा-सहाच्या. एक क्रेट, त्यात चाळीसेक पाकिटं, पोहे, रवा, बेसन, मसाले, बिस्किटं सगळं मिक्स, समोर रिकामा रॅक आणि दहा मिनिटं. सुरुवातीची तीन मिनिटं नुसती लीडरशिपमध्ये गेली. हे इथे लाव, नाही ते तिथे लाव, एकाने तर टाळ्या वाजवून कम ऑन टीम सुरू केलं. मी पण मागे नव्हते हां, जड खाली हलकं वर असं मोठ्याने सांगत होते. एवढ्या वर्षांत आवाज कुठे वाढवायचा हे आपल्याला कळतंच, लेडीज डब्यात चौथ्या सीटसाठी वाढवतो तसा वाढवला.

तो चौकड्याचा शर्ट खाली बसला होता. एकेक पाकीट उलटं करून बघत होता आणि दोन ढिगात ठेवत होता, जुनं आणि नवं. बेसनाचं एक पाकीट त्याने बराच वेळ धरलं. त्याच्यावर शेवटची तारीख सरळ छापलेली नव्हती, पॅकिंगची तारीख होती आणि खाली बारीक अक्षरात, पॅकिंगपासून चार महिने. तो बोटांची पेरं मोजत होता, अंगठा एकेका पेरावर ठेवून, ओठ हलवत. मग ते पाकीट माझ्याकडे दिलं आणि हळू आवाजात म्हणाला, ताई, हे गेल्या महिन्यातच संपलंय.

मी पाकीट घेतलं, हात वर केला आणि म्हटलं, सर, ह्यात एक एक्सपायर्ड आहे.

सर म्हणाले, गुड. आठ जुलैपासून तेच पाकीट टाकतोय क्रेटमध्ये, पकडतं कोण बघायला. नाव काय तुमचं?

आणि मी माझं नाव सांगितलं.

खोटं काहीच बोलले नाही. कोणी पकडलं असं त्यांनी विचारलंच नव्हतं, नाव विचारलं होतं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मुलगा खाली बसूनच होता, त्याने पुढचं पाकीट उचललं आणि उलटं केलं. माझ्याकडे बघितलं की नाही ते मला माहीत नाही कारण मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्याच्यानंतर पाच-सहा मिनिटं तरी होती, एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो. मी बोलले पण, पण मसाल्याच्या पाकिटांबद्दल बोलले.

घरी आल्यावर आईंनी सगळं काढून घेतलं. पिशवीचं ऐकून खूश झाल्या, गल्ल्याचं ऐकून कपाळावर हात मारला, गल्ला सोडून निघालीस? बावीस वर्षांत मी पाणी प्यायला पण चावी कमरेला लावून गेले. बेसनाचं मी तेव्हा सांगितलं नाही.

शुक्रवारी फोन आला. बाराजणांतून पाच घेतलेत, एक तारखेपासून ट्रेनिंग, आधार, पॅन, बँकेचं पासबुक, दोन फोटो आणि काळे बूट स्वतःचे. पाच कोण ते विचारायला हवं होतं, मी पगार कुठल्या तारखेला होतो ते विचारलं. नवऱ्याने पेढे आणले. रात्री भांडी आवरताना आईंना बेसनाचं सांगितलं, सगळं, पेरं मोजत होता ते पण. त्या काही बोलल्या नाहीत, ओटा पुसत राहिल्या. मग फडकं पिळलं आणि विचारलं, त्याचं नाव काय गं?

त्याने सांगितलं होतं की इंट्रोडक्शनला. मी तेव्हा मनात माझ्या आठ ओळी म्हणत होते.

बूट घेतलेत स्टेशनबाहेरून, साडेतीनशेचे. मागून चावतात. आई म्हणाल्या रोज संध्याकाळी घरात तासभर घालून फिर, एक तारखेपर्यंत सैल होतील, म्हणून आत्ता हे लिहितानाही पायात तेच आहेत.