टँकला यूव्ही लावू का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो आहे. हा प्रश्न मला बहुतेक वेळा रात्री दहानंतर येतो. सोबत फोटो असतो, तळाशी कलंडून पडलेल्या माशाचा, आणि खाली एकच ओळ: "दुकानदार म्हणतात यूव्ही लावा, रोगराई थांबेल. लावू का?" मासा मरत असताना माणूस घायकुतीला आलेला असतो, हे मला ठाऊक आहे. माझ्या मोठ्या टँकला आठ वर्षं यूव्ही आहे, तो मी काढणारही नाही. तरी त्या रात्री मी "नका लावू, आधी बोलू" असंच सांगतो. का, ते इथे नीट मांडतो.

यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाचा दिवा, आपल्यापैकी बहुतेकांना स्वयंपाकघरामुळे माहीत आहे. ओट्याच्या वर भिंतीला लावलेल्या अ‍ॅक्वागार्डमध्ये जो दिवा असतो, तोच प्रकार. पाऱ्याच्या वाफेचा दिवा, साधारण २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश. हा प्रकाश जिवाणूच्या डीएनएमधले शेजारशेजारचे दुवे एकमेकांना चिकटवून टाकतो. जिवाणू जागच्या जागी फुटत नाही, पण त्याची पुढची पिढी निघत नाही. दिव्याभोवती क्वार्ट्झची नळी असते, कारण साधी काच हा प्रकाश अडवते. दिव्याची जी निळसर झाक दिसते तो हा प्रकाश नव्हेच. मारणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

इथपर्यंत अ‍ॅक्वागार्ड आणि टँक सारखे. पुढे वाटा फुटतात. अ‍ॅक्वागार्डमधलं पाणी दिव्यासमोरून जातं आणि थेट तुमच्या पेल्यात येतं. टँकमधलं पाणी दिव्यासमोरून जातं आणि परत त्याच टँकमध्ये पडतं, न गेलेल्या पाण्यात मिसळतं. समजा तुमचा टँक २०० लिटरचा आहे आणि यूव्हीतून तासाला २०० लिटर पाणी जातं. एका तासात सगळं पाणी दिव्यासमोरून गेलं असं वाटतं ना? पाणी नीट मिसळत असेल, तर हिशेबाने सुमारे ३७ टक्के पाणी तासाभरात दिव्याच्या वाटेला गेलेलंच नसतं. काही पाणी दोनदा-तीनदा जाऊन आलेलं असतं. तीन तासांनी उरतं सुमारे ५ टक्के. म्हणजे यूव्ही लावलेला टँक कधीच निर्जंतुक होत नाही. पाण्यात तरंगणाऱ्यांची संख्या कमी राहते, एवढंच. आणि जे तरंगतच नाही, म्हणजे माशाच्या अंगावर, वाळूत, काचेवर, लाकडावर बसलेलं असतं, त्याला हा दिवा कधी भेटत नाही.

हे मी गणिताने शिकलो नाही. २०१७च्या डिसेंबरात शिकलो. आम्ही नाशिकला राहतो, तिथे त्या दिवसांत रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. माझ्याकडे सहा एंजल मासे होते, अंगठ्याच्या नखाएवढे असल्यापासून दोन वर्षं वाढवलेले. मी बारा निऑन टेट्रा आणले. पिशवी पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवली आणि सोडून दिले. मनात खात्री होती की यूव्ही चालू आहे, काय यायचंय आत. हीटर लहान होता आणि सकाळी पाणी २१ अंशांवर येत होतं, त्याकडेही मी लक्ष दिलं नाही. चौथ्या दिवशी सर्वात मोठ्या एंजलच्या परावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. आठवड्यात चार एंजल गेले. त्या संपूर्ण आठवड्यात यूव्ही एक मिनिटही बंद नव्हता. पाणी इतकं नितळ होतं की वाळूचा कण न् कण मोजता यावा. त्या नितळ पाण्यानेच मला गाफील ठेवलं होतं.

या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला आपण मासेवाले इच म्हणतो. तो करणारा एकपेशीय जीव माशाच्या कातडीच्या आत शिरून खातो, फुगतो. तो ठिपका म्हणजे तो. तिथे त्याच्यापर्यंत ना दिवा पोचतो ना औषध. पोट भरलं की तो सुटून खाली पडतो, वाळूला चिकटतो, स्वतःभोवती कोष करतो आणि आत विभागत विभागत शेकडो पिल्लं तयार करतो. इथेही दिवा पोचत नाही. मग कोष फुटतो, पिल्लं पोहत बाहेर पडतात, आणि त्यांना साधारण दोन दिवसांच्या आत मासा सापडला नाही तर ती मरतात. पाण्यात मोकळं फिरण्याचा एवढा एकच काळ. यूव्हीने त्यांना गाठायचं तर याच वेळात.

आता चार फुटी टँक डोळ्यांसमोर आणा. पिल्लं तळातून निघाली. यूव्हीचं तोंड एका कोपऱ्यात, पंपाच्या नळीतून जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर. मासे मात्र सगळीकडे, आणि रात्री तर तळाजवळच विसावलेले. पिल्लाला आधी कोण भेटणार? घरच्या टँकमध्ये मासा हा दिव्यापेक्षा नेहमीच जवळ असतो. शिवाय इचच्या पिल्लांना मारायला बऱ्याच जिवाणूंपेक्षा या प्रकाशाची कितीतरी जास्त मात्रा लागते. जोरदार पंपाने पाणी दिव्यासमोरून पळवलं तर ती मिळत नाही. यूव्ही असल्याने पिल्लांची संख्या थोडी घटते, साथीचा जोर थोडा ओसरतो, हे मी मान्य करतो. पण लागलेली साथ तो थांबवत नाही. माझे उरलेले दोन एंजल वाचले ते पाणी हळूहळू ३० अंशांपर्यंत नेल्यामुळे, एअर पंप वाढवल्यामुळे आणि औषधामुळे. तो पहिला आठवडा गेल्यावर, औषध चालू असताना मी यूव्ही बंद ठेवला होता, कारण हा प्रकाश पुष्कळ औषधं मोडून टाकतो. औषध टाकताना यूव्ही चालू ठेवणं ही फार जणांकडून होणारी चूक आहे. तेवढं कृपा करून लक्षात ठेवा.

मग तो मी काढत का नाही? कारण दोन कामं तो खरोखर मन लावून करतो.

पहिलं काम हिरव्या पाण्याचं. सांगलीला माझ्या बहिणीकडे पूर्वेच्या खिडकीशी गोल्डफिशचा टँक आहे. उन्हाळ्यात त्याचं पाणी पालक उकडल्यासारखं झालं. ती दर तिसऱ्या दिवशी अर्धं पाणी काढायची, भरायची, पुन्हा हिरवं. हे शेवाळ काचेवर बसणारं नसतं. सूक्ष्म, तरंगणारं असतं, त्यामुळे आज ना उद्या दिव्यासमोरून जातंच, आणि त्याला मारायला मात्राही तुलनेने कमी पुरते. मी माझा जादा यूव्ही नेऊन लावला. पाचव्या दिवशी पलीकडची भिंत दिसायला लागली. मेलेलं शेवाळ पाण्यातच कुजतं, म्हणून तेवढे दिवस फिल्टरचा स्पंज टँकच्याच पाण्यात रोज पिळायला आणि थोडं थोडं पाणी बदलायला तिला सांगितलं. खिडकीला पडदा लावला, खाणं निम्म्यावर आणलं. पडद्याशिवाय नुसत्या यूव्हीवर तिचं भागलं नसतं, हे मी तिलाही सांगितलं.

दुसरं काम आहे तिथे, जिथे एकच पाणी अनेक टँकमधून फिरतं. मोठ्या दुकानात वीस-चाळीस टँक खालच्या एका सम्पला, म्हणजे सामायिक टाकीला, जोडलेले असतात. एका टँकमधला रोग पाण्यावाटे दुसऱ्यात जायचा तर त्याला सम्पमधून, म्हणजे यूव्हीसमोरून जावंच लागतं. तिथे वाट एकच आणि त्या वाटेवर दिवा. माझ्या मते यूव्हीची खरी जागा तीच. माझा मोठा टँक आणि बाजूचे दोन छोटे टँक आता एकाच सम्पवर आहेत, म्हणून माझ्याकडे तो आहे. तुमच्याकडे एकच टँक असेल तर हा फायदा तुम्हाला मिळत नाही.

"चांगले जिवाणू मरतील का?" असंही बरेच जण विचारतात. नाही मरत. माशांनी पाण्यात सोडलेला अमोनिया खाणारे जिवाणू स्पंजवर, वाळूवर, काचेवर चिकटून राहतात. ते दिव्यासमोर येतच नाहीत. जी गोष्ट रोगाच्या बाबतीत आपल्या विरोधात जाते, तीच इथे आपल्या बाजूने आहे.

घ्यायचाच असेल तर बंद कवचातला घ्या. उघडा दिवा पाण्यात बुडवायचा म्हणून मिळतो, तो स्वस्त असतो, तो घेऊ नका. हा प्रकाश काही सेकंदही डोळ्यांत गेला तरी काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते, आणि माशांना तर पापण्याही नाहीत. घरात लहान मुलं असतील तर निळा दिवा त्यांना खुणावणारच. माशांचे रंग खुलवायला जांभळी एलईडी पट्टी 'यूव्ही' म्हणून विकतात, तिचा रोगाशी काही संबंध नाही. खोक्यावर पाण्याच्या वेगाचे दोन आकडे दिले असतील, एक शेवाळासाठी आणि एक परजीवींसाठी, तर दुसरा बघा. तो बराच कमी असतो. आणि पाणी फिल्टरमधून गाळून मगच यूव्हीत जाऊ द्या. गढूळ पाण्यात प्रकाश आत शिरत नाही.

दिवा साधारण ८,००० ते ९,००० तास चालतो, म्हणजे अखंड चालू ठेवला तर जेमतेम एक वर्ष. त्यानंतरही तो निळा दिसत राहतो, पण मारण्याची ताकद उतरलेली असते. म्हणून माझ्या यूव्हीच्या कवचावर कागदी चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर दिवा बसवल्याची तारीख. बोअरचं पाणी वापरत असाल तर क्वार्ट्झच्या नळीवर पांढरा क्षार बसतो. दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून, नळी सोडवून, व्हिनेगरच्या फडक्याने पुसून घ्यायची. मी स्वतः सहा महिने ती पुसली नव्हती असं एक वर्ष गेलंय. त्या सहा महिन्यांत तो दिवा नुसताच बिल वाढवत होता.

आता तुमच्या फोटोतल्या माशाविषयी. मी तुम्हाला आधी हेच विचारेन की शेवटचा नवा मासा कधी आणलात आणि थेट सोडलात का. चेन्नईतल्या कोळत्तूरसारख्या ठिकाणांहून निघालेला मासा तुमच्या हातात पिशवीतून येतो, तेव्हा त्याने तळं, टाकी, पिशवी, घाऊक दुकान, पुन्हा पिशवी, असं पुष्कळ पाणी पालटलेलं असतं. दमलेला असतो, आणि सोबत काय घेऊन आलाय ते त्या दिवशी दिसत नाही. यूव्हीला जे पैसे घालणार आहात, त्यातल्या थोड्या पैशांत एक वीस लिटरचा साधा टब, स्पंज फिल्टर, छोटा हीटर आणि वेगळी जाळी येते. हो, जाळीही वेगळीच. एकाच जाळीने दोन टँक ढवळले तर सगळा खटाटोप वाया. नवा मासा चार आठवडे तिथे राहू दे.

माझ्याकडे गॅलरीच्या दाराशी तसा टब कायम मांडलेला असतो. सध्या त्यात दोन मोती गुरामी आहेत. आज त्यांचा अकरावा दिवस. एकाचं शेपूट परवा किंचित मिटलेलं दिसत होतं, म्हणून मी रोज सकाळी खोलीतला दिवा लावायच्या आधी टॉर्च तिरका धरून दोघांचं अंग बघतो. आज शेपूट उघडं होतं. तरी अजून सतरा दिवस ते तिथेच राहणार आहेत.