वाचनालयाची काँप्युटर-यादी, अपडेट ३: जावा आधी की जाळं आधी

मागच्या अपडेटनंतर दोन महिने गेले, सॉरी, मध्ये ऑफिसात रिलीज होतं. ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, आमच्या गावच्या वाचनालयात काँप्युटर, प्रोग्रामिंग आणि इंटरनेटची नवीन पुस्तकं आली, एकूण ४३, आणि देवघेवीवरचे काका म्हणाले, "तू ते काँप्युटरवालं करतोस ना, मग याची एक यादी करून दे बोर्डावर लावायला." मी म्हटलं हो, एका रविवारचं काम आहे. हा सहावा रविवार.

नोंदी टाकून झाल्या. दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, भाषा, वर्गांक. वर्गांक (ड्युई पद्धतीत पुस्तकाला विषयाप्रमाणे मिळणारा नंबर) रजिस्टरमधूनच घेतले, बहुतेक ००४ ते ००६ मधले. गंमत म्हणजे ड्युईसाहेबांनी ही पद्धत काढली १८७६ ला, तेव्हा कुठला काँप्युटर, त्यामुळे नंतर शून्याच्या घरात जागा शिल्लक होती तिथे त्याला बसवलं. म्हणून आमच्याकडे पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेचं पुस्तक आणि उडत्या तबकड्यांचं पुस्तक एकाच फळीवर, कारण तबकड्या ००१ मध्ये येतात. हार्डवेअरवाली दोन मात्र ६२१.३९ म्हणजे थेट इंजिनिअरिंगच्या कपाटात, आणि ती मला तिसऱ्या रविवारी सापडली.

"नवीन" शब्दावर फार जाऊ नका. नवीन म्हणजे वाचनालयाला नवीन. त्यातलं एक पायथॉन २ चं निघालं, ज्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, पहिल्याच पानावर प्रिंटला कंस नाही, जो पायथॉन ३ मध्ये लागतोच. काका म्हणाले परत पाठवू का, मी म्हटलं थांबा, कारण मला एक प्रयोग सुचला होता. 'प्रोग्रामिंग' या शब्दाची लांबी मोजली. पायथॉन २ मध्ये, साधी स्ट्रिंग (मजकुराचा तुकडा), फाइल यूटीएफ-८ (चिन्हं बाइटमध्ये साठवायची पद्धत) : ३६. पायथॉन ३ मध्ये : १२. आणि माझ्या आईला विचारलं तर ती म्हणाली चार, प्रो-ग्रा-मिं-ग. तिघंही बरोबर आहेत! जुनं पायथॉन बाइट मोजतं (देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं), नवं पायथॉन युनिकोडची (प्रत्येक लिपीच्या चिन्हांना नंबर देणारं मानक) चिन्हं मोजतं ज्यात हलंत, काना, वेलांटी, अनुस्वार सगळं सुटं असतं, आणि आई अक्षरं मोजते. ते जुनं पुस्तक नसतं तर ३६ हा आकडा मला दिसलाच नसता, त्यामुळे ते यादीत राहिलं, फक्त शेऱ्यात "जुनी आवृत्ती" लिहिलंय.

आता खरी डोकेदुखी, अकारविल्हे. सरळ सॉर्ट केलं (मशीन युनिकोडच्या नंबरांप्रमाणे लावतं), प्रिंट काढली, काकांनी चष्मा वर केला आणि दहा सेकंदात दोन चुका काढल्या.

पहिली : ॲपपासून सुरू होणारी तीन शीर्षकं यादीच्या तळाशी, ह च्याही खाली. कारण ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ ला आलं, तोवर स्वरांच्या रांगेतल्या खुर्च्या भरल्या होत्या, म्हणून त्याला मागे ०९७२ नंबर मिळाला. बरं तीन असती तरी ठीक, चौथं ॲपवालं पुस्तक वरती अ मध्येच होतं! स्क्रीनवर हुबेहूब तसंच दिसतंय. ते मी ऑफिसच्या कीबोर्डवर टाइप केलेलं, तिथे अ आणि वर चंद्र असे दोन तुकडे पडले होते, आणि एका नोंदीत तर दोघांच्या मध्ये न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडायची खूण) घुसलेला. नॉर्मलाइज (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) करून बघितलं, काही फरक पडत नाही, युनिकोडच्या हिशोबाने ती वेगळीच आहेत. शेवटी हाताने रिप्लेस मारून तिन्ही प्रकार एका ॲ वर आणले आणि त्याला ए च्या मागे बसवलं. पटत नसेल तर सांगा, मला पण शंभर टक्के पटलेलं नाही.

दुसरी चूक मला जन्मात दिसली नसती. जाळ्यांवरचं म्हणजे नेटवर्किंगचं पुस्तक जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या पुस्तकाच्या वर आलेलं. काका म्हणाले, "ळ कुठे असतो रे? ह च्या नंतर ना?" आणि मग माझी ट्यूब पेटली. युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्की या जुन्या भारतीय मानकावरून उचलली, सगळ्या भारतीय लिप्यांना एकच साचा, आणि त्या साच्यात ळ ल च्या शेजारी बसतो, व च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो ह च्या मागे. म्हणजे मशीनला जाळं आधी, मराठी माणसाला जावा आधी.

मग स्वतःची क्रमाची यादी केली, प्रत्येक चिन्हाला त्या यादीतला नंबर, आणि सॉर्टला 'की' (key, क्रम ठरवायचा आधार) म्हणून तेच फंक्शन दिलं. क्ष आणि ज्ञ आधीच एकेका खुणेने बदलून घेतले म्हणजे ते शेवटी जातात. काही मोठं नाही, वीसेक ओळी. तयार कोडची लायब्ररी वापर असं सांगणारे आहेत मला माहितीये, आयसीयू नावाच्या अशा लायब्ररीत मराठीचा क्रम आहे, पण मग मजा काय.

अजून अडलंय ते एकाच ठिकाणी. कॉम्प्युटर, काँप्युटर, कंप्युटर, कम्प्युटर आणि संगणक. छापलेल्या कव्हरवर जे आहे तेच लिहायचं हा काकांचा नियम, तो मोडायचा नाही, पण त्यामुळे एकाच विषयाची पुस्तकं पाच ठिकाणी विखुरली. शोधासाठी एक लपवलेला कॉलम टाकतोय, त्यात सगळीकडे "संगणक". कोणी हे आधी केलं असेल तर अनुस्वाराचं काय केलंत तेवढं सांगा, कारण कंप्युटर आणि कम्प्युटर यांच्यात सध्या सोळा नोंदींचं अंतर आहे.

यादी काल बोर्डावर लागली. ते पायथॉन २ चं पुस्तक लगेच कोणीतरी घेऊन गेलं, दहावीतली मुलगी आहे म्हणे. काकांना सांगून ठेवलंय, परत आणायला आली की मला फोन करा, प्रिंटला कंस टाकायला सांगायचंय.