नस दबली नव्हती

जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात आमची केळीची बाग आहे. डिसेंबरच्या सकाळी केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापताना विळा खाली ठेवायला गेलो, तर उजव्या हाताची शेवटची दोन बोटं उघडेनात. डाव्या हाताने एकेक बोट उचलून विळा काढला. दुखत काही नव्हतं. उन्हात बसलं की हात जरा सुधारायचा, म्हणून महिनाभर थंडीलाच शिव्या दिल्या. आई रोज विचारायची, "काय व्हयनं रे तुना हातले?" मला तरी कुठे माहीत होतं!

आपल्याकडे 'नस' हा शब्द फार गोंधळाचा. रक्ताची ती नस, कपाळावर फुगते ती नस, आणि मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत नेते तीही नसच. मालिशवाला म्हणाला नस चढली. डॉक्टर म्हणाले मानेतली नस दबली. एमआरआयमध्ये मणक्यात थोडं काही निघालंच. बेचाळीस वर्षांच्या, घड वाहिलेल्या माणसाच्या मानेत न निघालं तर नवल. तीन महिने पट्टा बांधून फिरलो. मानेत नस दबली तर बहुतेकांना कळ येते, मुंग्या येतात. मला एकही मुंगी आली नाही. हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. जे होत नाही ते कशाला सांगायचं, असं वाटायचं.

पुढे मनगटच खाली लोंबायला लागलं. गाडीचा ब्रेक दाबला की बोटं परत सुटायची नाहीत. मग एके ठिकाणी नसांना सूज असावी म्हणून स्टेरॉइड दिलं. पंधरा दिवसांत हात आणखी पडला. दंडात मांस आपोआप फडफडायला लागलं. ते पाहून एकाने 'मोटर न्यूरॉनचा आजार असू शकतो' असं म्हटलं. घरी येऊन मोबाइलवर ते वाचलं: स्नायू एकेक करून निकामी होत जातात, आजार बरा होत नाही. त्या रात्रीबद्दल लिहीत नाही.

तिथून मुंबई. तिथल्या न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टर बाईंनी आधी हातोडीने दोन्ही हात ठोकले. त्या मोटर न्यूरॉनच्या आजारात बहुतेकदा हात जोराने उडतो, माझा उजवा मुळीच उडत नव्हता. मग टाचणी टोचून विचारलं, कळतं का? सगळीकडे कळत होतं. नंतर नसांची तपासणी. मनगटाजवळ करंट दिला की बोट टुणकन उडे. त्याच नसेला कोपराजवळ करंट दिला की जेमतेम हले. मला लगेच ठिबक आठवलं. शेवटच्या झाडाला पाणी पोचत नसलं की आपण नळीच्या कडेने चालत जातो आणि कुठपर्यंत ओल आहे ते बघतो. बाईही तेच करत होत्या. अडथळा कोपर आणि मनगटाच्या मध्ये होता, दंडातही एक सापडला.

नाव निघालं मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथी, एमएमएन. लाखात एकालाही होत नाही. शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणाच आपल्या नसांवर उलटते. तेही फक्त हालचालीच्या नसांवर, स्पर्शाच्या नाही. म्हणून मुंग्या नव्हत्या. रक्तात जीएम1 या नसांवरच्या स्निग्ध पदार्थाविरुद्धच्या अँटिबॉडी, म्हणजे त्या यंत्रणेची लढणारी प्रथिनं, सापडल्या. नसत्या सापडल्या तरी आजार नाही असं म्हणता आलं नसतं, असं बाई म्हणाल्या. स्टेरॉइडने यात उपयोग तर नाहीच, उलट कमजोरी वाढू शकते, हेही तेव्हाच कळलं.

यावर औषध आयव्हीआयजी, म्हणजे निरोगी लोकांच्या अँटिबॉडी सलाइनसारख्या शिरेतून द्यायच्या. हजारो लोकांच्या रक्तातल्या प्लाझ्मापासून बनवतात. किलोमागे 2 ग्रॅम. माझं वजन 60 किलो, म्हणजे 120 ग्रॅम, पाच ग्रॅमच्या 24 बाटल्या, पाच दिवसांत हळूहळू. खर्चाचं रडगाणं गात नाही, एक पूर्ण कापणी त्यात गेली. बाटल्या 2 ते 8 अंशांत ठेवायच्या होत्या आणि जळगावात मे महिना! आइसबॉक्स मांडीवर घेऊन रिक्षात बसलो, तर रिक्षावाल्याने विचारलं, "कुल्फी का भाऊ?" दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की विचारू नका. सलाइनचा वेग कमी केला, पाणी भरपूर पाजलं, तेव्हा उतरलं.

आठव्या दिवशी करंगळी उठली. बायको भाकरी थापत होती, तिला बोट दाखवलं. तव्यावरची भाकरी करपली.

पण हा असर कायमचा नाही. चारेक आठवडे हात चालतो, मग पुन्हा ढिला पडतो. आता दर पाच आठवड्यांनी कमी मात्रेत घेतो. अंगठा आणि तर्जनीमधलं मांस सुकलं ते सुकलंच. विळा डाव्या हाताने धरायला शिकलोय. जानेवारीच्या पहाटे विहिरीवरच्या मोटारीचं बटण मात्र अजून कोपरानेच दाबतो.